काकीचं सुपा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. सांगायला बसते आणि मधेच दुसरंच काहीतरी बोलून उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघते.

आई गेली तेव्हा मी लहान होते. बहीण आजोळी गेली, मी रामनगरला काका-काकीजवळ राहिले. काकीला मूल नव्हतं. तिनंच मला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पाठवलं. तिचं माहेर सुप्याचं. आता त्या नावाचं धरण आहे ते नव्हे, त्या धरणाच्या पाण्याच्या तळाशी गेलेलं जुनं सुपा गाव. ती लग्न होऊन रामनगरला आली आणि थोड्याच वर्षांत माहेर बुडालं. घराचा एक फोटोसुद्धा उरला नाही. पंचमीला शेजारच्या बायका माहेरी निघायच्या, तेव्हा काकी दारात उभी राहून त्यांच्याशी जरा जास्तच बोलायची. मग आत येऊन मला सुपा सांगायची — काळी नदी, पेठेतली घरं, परसातला फणस, पावसात चुलीवर वाळणारी घोंगडी. सांगताना तिचे हात हलायचे, जणू ती घरातून फिरतेय.

बेळगावात डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला मी नापास झाले आणि घरी येऊन पडले. लोकांना तोंड दाखवायचं नव्हतं. फोनवर एक फुकटची साइट सापडली होती. पैसे भरायचे नाहीत, फक्त मधे मधे जाहिराती सोसायच्या. जुने सिनेमे, मालिका, सगळं काही. भांडी झाली की मी भिंतीला टेकून बसायची आणि त्यात शिरायची. काकी मागं येऊन बसायची.

"काय बघालीस गं?"

"मालिका."

"ह्यात समदं दिसतंय न्हवं? मग आमचं सुपा दिसंल काय?"

मी नाही म्हणायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारायची. तिच्या आवाजात हट्ट नव्हता — नुसती आस होती. आणि मला त्याच आसेचा कंटाळा आला होता. कसं सांगू तुम्हाला? जिनं मला वाढवलं, तिचा कंटाळा.

एका दुपारी माझी मालिका अगदी शेवटाला आली होती आणि काकीनं पुन्हा तेच विचारलं. मी मालिका थांबवली. आदल्या दिवशी पाहिलेला एक जुना कन्नड सिनेमा लावला. त्यात नदी होती, काठावर कौलारू घरं होती, बैलगाडी होती. सुरुवातीलाच चित्रीकरणाबद्दल कुठल्याशा लांबच्या गावाचे आभार मानले होते. मी ते वाचलेलं होतं. काकीला वाचता येत नव्हतं.

"घे," मी म्हटलं, "हे बघ तुझं सुपा."

वाटलं, क्षणात ओळखेल, नाही म्हणेल, माझी सुटका होईल. तिनं फोन दोन्ही हातांत घेतला. पदरानं काच पुसली. मग म्हणाली, "व्हय गं. हीच पेठ. त्या वळणाच्या पलीकडं आमचं घर."

माणसाला किती हवं असलं म्हणजे असं दिसतं?

त्यानंतर ती काकांचा जुना फोन घेऊन रोज दुपारी बसायची. सिनेमा कुठं सापडतो ते शिकली. जाहिरात लागली की हात मांडीवर ठेवून, एसटीची वाट बघावी तशी शांत बसायची. हळूहळू तिचं सांगणं बदललं. परसातला फणस गेला. दारात कडुनिंब आला — कारण सिनेमात होता. मला ते कळत होतं. मी गप्प राहिले. तिला आनंद होतोय म्हणून — असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण एवढंच की माझी दुपार मला परत मिळाली होती.

मग तिनं सुप्याकडच्या बायकांना बोलावलं. धरणामुळं रामनगरला येऊन राहिलेल्या इंदिराक्का आणि आणखी दोघी. काकीनं नवी साडी नेसली, पोहे केले. फोन डब्याला टेकवून उभा केला. मी चहा घेऊन आले तेव्हा इंदिराक्का मान हलवत होत्या.

"हे आपलं सुपा न्हाई. आपल्या पावसात कडुनिंब कुठला गं? आणि नदी ह्या अंगाला कुठं हुती?"

"न्हाई अक्का," काकी म्हणाली, "नीट बघा की." मग माझ्याकडं वळली. "ही शिकलेली हाय. हिनंच काढून दिलंय. सांग की गं."

तिघी माझ्याकडं बघू लागल्या. माझ्या हातात चहाचा ट्रे. मी म्हटलं —

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? काकीच म्हणाली हे सुपा म्हणून."

काकीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. काहीतरी आठवू बघावं तसं. इंदिराक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. वय झालं की व्हतंय असं." त्या चांगल्या मनानं बोलल्या. पोहे खाऊन गेल्या.

बायका गेल्यावर काकी म्हणाली, "मीच म्हटलं व्हय गं तसं? माझं डोकं चालंना झालंय." मी कपबशा विसळत होते. मी हो म्हटलं.

तिनं फोन काकांच्या कपाटात ठेवला. सुप्याचं नाव पुन्हा काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, मला आता नीटसं आठवत न्हाई.

पुढं मी परीक्षा पास झाले, लग्न होऊन दांडेलीला गेले. गेल्या उन्हाळ्याआधीच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं. जुन्या भिंती, पायऱ्या वर आल्या, लोक बघायला जाऊ लागले. नवऱ्याला घेऊन, गाडी घेऊन मी रामनगर गाठलं.

"काकी, चल. सुपा वर आलंय."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"नको गं. तिथं जाऊन मी काय वळखणार? तुमी बघून या."

तेव्हा सांगता आलं असतं. नवरा बाहेर गाडीपाशी होता, काका दुकानात होते. आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "बरं."

आम्ही गेलो. तडकलेला चिखल, त्यात काही भिंती. कुठली कुणाची, ते सांगणारं आमच्यासोबत कुणी नव्हतं. परतलो तेव्हा काकीनं चहा केला, रस्ता कसा आहे ते विचारलं, जावयाला आणखी एक घोट आग्रहानं दिला. सुप्याचं काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.