कोपराचं जर्मन टेक्निक

मंदी आली त्या वर्षी मला गुरुवारची धास्ती बसली होती. मी अमिरातीतल्या फुजैराच्या एका छोट्या फुटबॉल क्लबात फिजिओ होतो. क्लबाला पैसे पुरवणारी बांधकाम कंपनी डबघाईला आलेली. दर गुरुवारी मॅनेजर कुणाला तरी केबिनमध्ये बोलवायचा आणि तो माणूस बाहेर यायचा तो थेट सामान बांधायलाच. व्हिसा कॅन्सल, खलास. बायकोची नोकरी आधीच गेली होती, त्यामुळे तिचा आणि लेकीचा व्हिसाही माझ्याच नोकरीवर. आणि नेमका माझा उजवा अंगठा कामातून गेला होता!

हसू नका. फिजिओ अंगठ्यावरच जेवतो. वर्षानुवर्षं खेळाडूंचे स्नायू दाबून सांधा झिजला होता, चहाचा कप उचलताना सुद्धा कळ यायची. मग मी गुपचूप कोपराने दाबायला लागलो. एकदा मॅनेजरने हटकलंच, "हे काय नवीन?" तोंडातून निघून गेलं, "जर्मन टेक्निक आहे, सर." आणि टेबलावर पालथा कोण पडलेला? आमचा जर्मन स्ट्रायकर! त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग मॅनेजरला म्हणाला, "येस, येस, आमच्याकडे सगळे असंच करतात." स्ट्रायकरने पुन्हा तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही.

पस्तिशीला टेकलेला गडी. तिकडे भरलेल्या स्टेडियममध्ये गोल मारून आलेला, इथे निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. तरी गोल झाला की पोरासारखा धावायचा. हे कॉन्ट्रॅक्ट गेलं तर दुसरं मिळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून डाव्या गुडघ्याबद्दल तो कुणाला ताकास तूर लागू देत नसे. पण मला त्याची खोड कळली होती. दुखत नसलं की गडी गप्प पडून राहायचा. दुखलं की घरच्या गप्पा सुरू.

अशाच एका गुरुवारी मॅनेजर टेबलाशीच येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मॅच होती. मी स्ट्रायकरचा गुडघा हातात घेऊन जरा वळवला, आणि हा सुरू झाला. त्याची आई करते तो प्लमचा केक, त्यावरची दालचिनी, वासाने खिडकीशी जमणाऱ्या गांधीलमाश्या. वर हसतही होता.

"फिट?" मॅनेजरने मला विचारलं.

हो म्हटलं असतं तर दोघंही वाचलो असतो, निदान तेवढ्यापुरते. पण तो गुडघा माझ्या हातात सैल लागत होता. मैदानावर एकदा वेडावाकडा वळला असता तर हा माणूस जन्मभर लंगडला असता.

"नाही, सर. खेळला तर गुडघा कायमचा जाईल."

केक अर्ध्यावरच राहिला. मॅनेजर त्याला म्हणाला, "केबिनमध्ये ये." मग माझ्याकडे वळून, "तुझ्याशी नंतर बोलतो."

ते 'नंतर' मानेवर घेऊनच मी घरी गेलो. ताटातलं नुसतं चिवडत बसलो. लेक माझ्याकडे बघत होती. "बाबा, आर वी गोइंग बॅक?" मी म्हटलं, "गप्प जेव." उगाच खेकसलो तिच्यावर, भीतीने.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट गेलंच. जायच्या दिवशी तो बॅग घेऊन क्लबातल्या माझ्या खोलीत आला. मला वाटलं, आता हा मला धरून हाणतो. पण तो टेबलावर आडवा झाला. "शेवटचं एकदा बघ." मी गुडघा तसाच वळवला आणि तो असा ओरडला, की मी हातच काढून घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ओरडला. आता त्याला कुणाची भीती उरली होती?

मग तो उठून बसला. माझा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याचं मूळ दाबलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेर मॅनेजर फोनवर बोलत होता, आणि त्याचं 'नंतर' अजून बाकीच होतं.

"फ्लाइट कितीची?" मी हसत विचारलं. "जेवून जा ना! बायकोने आज अळूवड्या केल्यात. इथे पानं मिळत नाहीत रे, शारजाहून मागवावी लागतात, मग चिंच, गूळ..."

त्याने अंगठा सोडला.

"इतकं दुखतंय?" तो हळूच म्हणाला.