बायजाबाईंचं इमान

बायजाबाईंच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर बसायची कुणालाही परवानगी नव्हती. पत्र्याची, घडीची, साधी खुर्ची. तिच्या पाठीवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली असत. खंडेनवमीला लोक हत्यारांची पूजा करतात, तेव्हा बायजाबाईंनी तिला झेंडूची माळही घातली होती. डॉक्टर आले तरी उभ्यानंच तपासत. एकदा पोस्टमन दमून टेकायला गेला, तर आतून आवाज आला, "ए बाबा, ऊठ! देवाच्या डोस्क्यावर बसतुयास व्हय?" गंमत अशी की खुर्ची माझी होती. आल्यागेल्यासाठी म्हणून मी ती त्यांना दिली होती आणि परत मागायची हिंमत मला कधी झाली नाही.

एकाहत्तरची लढाई होऊन काही वर्षं लोटली होती. शुक्रवार पेठेत आमच्या शेजारची खोली रिकामी होती, तिथं एका सकाळी मोटार येऊन थांबली. आधी काष्ट्याचं लुगडं नेसलेल्या, हनुवटीवर गोंदण असलेल्या बायजाबाई उतरल्या. मग दोघांनी मिळून त्यांच्या मुलाला उतरवलं. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलेला तो उंच माणूस दारातून कपाट आत न्यावं तसा, जरा तिरपा करून, आत नेण्यात आला. हा मारुती मेटकरी, हवाई दलातला लढाऊ वैमानिक. त्याचं विमान पडलं होतं. तो वाचला होता, पण पाठीचा मणका दबला होता. पुण्याच्या लष्करी इस्पितळानं काही महिन्यांची रजा देऊन घरी पाठवलं, पण सांगोल्याकडच्या त्याच्या गावाला ना धड रस्ता, ना डॉक्टर. म्हणून मायलेक सोलापुरात राहायला आले.

बायजाबाईंचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला होता. नवरा लवकर वारला. मेंढरं राखून त्यांनी मुलाला शिकवलं, त्यामुळे माणसांकडे बघायची त्यांची नजरही मेंढपाळाचीच होती. नळावर बायकांची झुंबड उडाली की त्या मागं उभ्या राहून जिभेनं "हिर्र्र" असा काही आवाज काढत, की बायका नकळत ओळीला लागत. पद्माक्का म्हणून आमच्यासमोर राहायच्या. त्यांच्या घरी मागावर चादरी विणायचं काम चाले. त्या एकदा चिडून म्हणाल्या, "मी काय शेळी आहे काय वो?" बायजाबाई शांतपणे म्हणाल्या, "शेळी शानी असती. ती बारडी इसरून जात न्हाई." पद्माक्कांची बादली खरंच नळाखाली राहिली होती.

त्यांचं एक बोलणं पेठेत सगळ्यांना पाठ झालं. दूध उतू गेलं, छत्री हरवली, कुणाची नवी साडी जळाली, की त्या म्हणायच्या, "लोकर जाऊ दे, मेंढरू ऱ्हाऊ दे." म्हणजे गेलं ते पुन्हा उगवेल, जीव शाबूत आहे ना, मग झालं.

पण स्वतःच्या मुलाला मात्र ही सवलत नव्हती. आल्या दिवसापासून त्या त्याच्याशी बोलतच नव्हत्या. खोली दहा पावलांची, तो फळीवर उताणा, त्या चुलीशी, आणि बोलणं माझ्यामार्फत.

"मास्तरीणबाई, त्याला इचारा, भाकरी आनखी पायजे का?"

"वहिनी, तिला सांगा, अर्धी चालेल."

"त्याला सांगा, अर्दी करत न्हाईत आमच्यात."

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. दिवसभर नद्या आणि डोंगर सांगून घरी यायचं आणि संध्याकाळी हे टपालखातं सांभाळायचं! डॉक्टर म्हणाले होते की मणका दबल्यामुळे मारुतीची उंची बोटभर कमी झाली आहे. तो भिंतीला धरून पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा बायजाबाईंनी त्याला खालवर न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "बगा. सरकारनं बोटभर पोरगं ठिवून घेतलं." हसावं की रडावं ते मला कळेना. मारुती हसला, पण डोळ्यांनी नाही.

शेवटी एका दुपारी मी त्यांना नळापाशी गाठलं आणि विचारलं, "मावशी, पोरगं मरणाच्या दारातून आलंय. बोलत का नाही त्याच्याशी?"

त्यांनी घागर जोरजोरात घासायला घेतली. मग म्हणाल्या, "माजं दीर चावडीवर बसून बोललं, मारुतीनं सरकारचं इमान सोडलं. साऱ्या गावानं ऐकलं. मी काय म्हनू? सोडलंच की त्यानं."

आमच्याकडच्या खेड्यात विमानाला इमानच म्हणतात. इमान म्हणजे निष्ठाही. दिरानं दोन्ही अर्थ एकाच दगडात मारले होते.

"वाघरू आलं म्हनून मेंढका कळप टाकून पळाला," त्या म्हणाल्या, "तर त्येच्या हातचं पानी पीत न्हाईत आमच्यात. आन् ह्यानं तर सरकारचं येवढं मोठं इमान टाकलं वरच्या वर!"

मी हे मारुतीला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, रविवारी तुम्ही दिलेली ती खुर्ची लागेल. आणि दोन गोटी सोडे मागवा."

रविवारी दुपारी त्या खोलीत जो प्रयोग झाला, तो पेठेत कित्येक वर्षं सांगितला जात होता. वैमानिक मी. विमान म्हणजे घडीची खुर्ची. सोड्याच्या बाटल्या धरून पद्माक्का माझ्यामागे उभ्या. खांद्यावर पॅरॅशूट म्हणून त्यांनी घरची जाड सोलापुरी चादर आणली होती. ती बघून मारुती म्हणाला, "एवढ्या वजनाची छत्री असती तर मी आणखी जोरात पडलो असतो." बायजाबाई पाठ करून जोंधळे निवडत बसल्या होत्या, पण हात थांबले होते.

"विमान उडतंय," मारुतीनं सुरुवात केली. "समोरून गिधाड येतं आणि थेट इंजिनात शिरतं. इंजिन बंद. विमान आता दगड."

"मास्तरीणबाई, त्याला इचारा, गिधाडाचं काय झालं?"

"वहिनी, तिला सांगा, माझ्यापेक्षा वाईट झालं."

मग त्यानं मला हात डोक्यावर न्यायला सांगितलं. तिथं एक मूठ असते, ती दोन्ही हातांनी खाली ओढायची. तिच्याबरोबर जाड कापड तोंडावर येतं, कारण बाहेरचा वारा चेहरा सोलून काढील असा असतो. ओढताना डोकंही आपोआप मागं टेकतं. मी डोक्यावरचा पदर ओढून तोंड झाकलं.

"पदर!" बायजाबाई गर्रकन वळल्या. "तितंबी पदर घ्यावा लागतो व्हय?"

त्यानंतर त्या पुन्हा जोंधळ्यांकडे वळल्या नाहीत. डोक्यावरचं काचेचं झाकण उडून जातं, हे त्यांनी मान हलवून मान्य केलं. पट्टे खांदे मागं खेचतात आणि पायांना बांधलेल्या दोऱ्या पाय खुर्चीशी आवळून धरतात, नाहीतर बाहेर फेकताना गुडघे समोर आपटून तुटतील, हे ऐकल्यावर त्यांनी पद्माक्कांनी माझ्या पायांना बांधलेली नाडी तपासली. "ही काय गाठ हाय? लोकर कातरताना बांदत्यात तशी बांदा की," असं म्हणत त्यांनी स्वतः अशी गाठ मारली की माझ्या पायांना मुंग्या आल्या.

"आता खुर्चीखाली दारू असते, तोफेत असते तशी," मारुती म्हणाला. "पद्माक्का, हाणा!"

पद्माक्कांनी माझ्या कानामागे गोटी दाबली. फट्ट! मी किंचाळले, सोडा माझ्या वेणीत गेला.

"एवढ्यात खुर्ची माणसासकट विमानाच्या बाहेर. मग तिच्यातून एक बारकी छत्री निघते. ती खुर्चीला कोलांट्या खाऊ देत नाही. मग पट्टे आपोआप सुटतात, खुर्ची खाली गळून पडते आणि मोठी छत्री उघडते. फार उंचावर असलो तर वरती हवा विरळ, थंडी जीवघेणी. मग खुर्ची दम धरते. चांगली हवा लागेपर्यंत खाली येऊ देते आणि मगच मोठी छत्री सोडते."

"आन् मानूस बेसुद असला तर?"

"तरीपण. एकदा मूठ ओढली की पुढचं सगळं तिचं काम."

बायजाबाईंनी खुर्चीला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हंजे माज्या सासूपरीस बरी की," त्या म्हणाल्या.

मला सोड्याचा राग होता, म्हणून मी जरा खोचकच विचारलं, "एवढी शहाणी खुर्ची, तर मग पाठ कशी मोडली?"

मारुती माझ्याशी नाही, आढ्याशी बोलल्यासारखा बोलला. "पाठ अगदी ताठ ठेवायची असते. खालून एवढा दणका बसतो की वाकलेला मणका दबतोच. आम्हाला शंभरदा शिकवलंय ते. पण मी वाकलो होतो. खाली वस्ती होती, वहिनी. चुलींचा धूर निघत होता. तसंच सोडलं असतं तर विमान घरांवर गेलं असतं. नाक माळाकडं वळवलं. घरं मागं पडली का ते वाकून बघत होतो, आणि तसाच मूठ ओढली."

बायजाबाईंनी तोंड उघडलं, "मास्तरीणबाई, त्याला इचारा..." आणि त्या थांबल्या. उठून फळीपाशी गेल्या.

"किती घरं व्हती रं?"

महिन्याभरात त्या पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होत्या.

"पाच-सात असतील, आये."

"मानसं?"

"कुणाला ओरखडाबी न्हाई. नंतर त्यांनीच मला बैलगाडीत घातलं."

"आन् इमान?"

"जळालं माळावर. आये, तूच म्हनतीस की, लोकर जाऊ दे, मेंढरू ऱ्हाऊ दे. इमान कारखान्यात दुसरं हुतंय. मूठ कवा वडायची ते आमाला सरकारच शिकीवतं."

बायजाबाई विचारात पडल्या. त्यांचा विचार चेहऱ्यावर दिसायचा, कळप नदी उतरताना दिसतो तसा, एकामागून एक. "म्हंजे ही खुर्ची सरकारनंच बसीवली?"

"मग!"

"सोडायसाठीच बसीवली?"

"व्हय की."

"मग सोडलं त्ये हुकमानंच सोडलं!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आन् येवढं दिस त्वांड शिवून पडलास व्हय रं, मेल्या? बोलला असतास तर काय जीभ झिजली असती?"

त्याला रागावत, भाकरी भाजत, मधूनच नाक ओढत त्यांनी सगळी संध्याकाळ काढली. माझे पाय मात्र बांधलेलेच राहिले होते. ती गाठ शेवटी विळीनं कापावी लागली.

दुसऱ्या दिवशी खुर्चीला हळदीकुंकू लागलं. त्यानंतर बायजाबाईंनी पेठेला भंडावून सोडलं. भाजीवाली, पिंजारी, दूधवाला, सगळ्यांना खुर्चीचं आख्यान. सांगता सांगता त्यात भर पडत गेली. खुर्चीखाली प्यायचं पाणी असतं, फुगवायची नाव असते, असंही त्या सांगू लागल्या. मी मारुतीला म्हटलं, "मावशी आता काहीही सांगतात हो." तो म्हणाला, "नाही, वहिनी. तेवढं खरं आहे. समुद्रात पडलो तर लागते." मी भूगोलाची शिक्षिका असून गप्प बसले.

आणि मग दीर आले. मारुतीला बघायला म्हणून आले, पण बघण्यापेक्षा बोलणंच जास्त. फेट्याचा शेमला उडवत म्हणाले, "काय मारुती, इमान सोडून बरा झालास न्हवं?"

त्या खुर्चीवर बसायचा मान मिळालेला माणूस हाच. बायजाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "भावजी, असं खुर्चीवर बसा. चा टाकते." दीर ऐटीत बसले. बायजाबाईंनी कोपऱ्यातला गोटी सोडा उचलला, मागून गेल्या आणि त्यांच्या कानाशी गोटी दाबली. दीर "आयायाया" करत उठले ते फेटा, काठी, पायताण सगळं टाकून गल्लीत! पद्माक्कांच्या दारापाशी त्यांना भान आलं.

बायजाबाई उंबऱ्यात उभ्या राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भावजी, हितं इमान न्हवतं, निसती बाटली व्हती. तरी तुमी पायतानं टाकून पळाला. माजं पोरगं वर आगीत बसून गाव चुकवत व्हतं. जावा, सांगा चावडीवर!"

चावडीवर काय सांगितलं ते कळलं नाही. पण पुढच्या वेळी दीर आले ते उभ्यानंच चहा प्यायले.

मारुतीचं प्लास्टर निघालं. तो रोज संध्याकाळी चालायला जाऊ लागला, मग जरा धावायलाही. पुण्याला जाऊन तपासणी करून आला आणि दारातच म्हणाला, "आये, पास झालो. परत उडायला परवानगी मिळाली." बायजाबाई "बरं झालं" म्हणाल्या आणि सरळ नळावर गेल्या. घागर न घेताच.

त्याला सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो. त्याच दिवशी बायजाबाईही गावी परतणार होत्या. मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर किती दिवस ठेवायची? पुढं मारुतीनं बरीच वर्षं विमानं उडवली, पण पुन्हा सोडायची वेळ त्याच्यावर आली नाही. बायजाबाई म्हाताऱ्या होऊन आपल्या गावातच वारल्या, हे त्यानंच मला येऊन सांगितलं. पण त्यांचं नाव निघालं की मला तो फलाटच आठवतो.

गाडी सुटायला थोडा वेळ होता. बायजाबाईंनी खिडकीच्या गजावर हात ठेवला.

"मारुत्या, खरं सांग. परत तसं झालं तर येळंवर सोडशील का?"

"सोडीन की, आये."

"खाली गाव दिसलं तर?"

मारुती काही बोलला नाही. खिडकीतून तो आईकडे बघत राहिला. गाडीनं शिट्टी दिली, धक्का बसला आणि डबा पुढं सरकू लागला. बायजाबाई गज धरून चार पावलं चालल्या, मग त्यांनी हात सोडला.

शेवटचा डबा जाईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला. मला वाटलं, आता रडतील.

"खोटं बोलला न्हाई," त्या म्हणाल्या. "पुरं हाय मला येवढं."