तीन नंबरची फाईल

धम्मदीपचा राग सगळ्या सणसवाडीला ठाऊक. माणूस वाईट नव्हे हो, पण कामात कुणी लबाडी केली की ह्याचं टाळकं सटकलंच. वडगाव रासाईला बापाचं, बबनरावांचं, सायकल पंक्चरचं दुकान. तिथं लहानपणी एकच गोष्ट शिकला: ट्यूब पाण्यात बुडवून बघितल्याबिगर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही.

दोन हजार चार साली तो ब्रेकचे सिलिंडर बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा, कंत्राटावर. सिलिंडर गळतो का ते तपासायच्या आठ मशिनी होत्या. प्रत्येकीला एक लिनक्सचा कॉम्प्युटर, आणि आठही वायरनं ऑफिसातल्या सर्व्हरला जोडलेले. तपासणीचा प्रोग्राम सर्व्हरवर एकच, सगळे तिथूनच घ्यायचे. पण मशिनींच्या खोडी निराळ्या. तीन नंबरचं मीटर जुनं, हवेचा दाब चारनं जास्त दाखवायचं, म्हणजे हवा सोडणारा गळका सिलिंडरही पास व्हायचा. ते चार वजा करणारी फाईल धम्मदीपनं त्याच कॉम्प्युटरच्या 'लोकल' फोल्डरात ठेवली होती. सगळ्यांचं ते सर्व्हरवर, ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्यापाशी, असा त्याचा सरळ हिशेब.

मग पुण्याहून कन्सल्टंट आला.

"आठ ठिकाणी आठ फायली? काय हा गचाळपणा! सगळं एका जागी पाहिजे."

धम्मदीपनं मीटरचं सांगून बघितलं. "तुम्ही कंत्राटावर ना?" एवढंच त्यानं विचारलं. आणि गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीदिवशी, ह्याला न कळवता त्यानं सगळ्यांचे लोकल फोल्डर पुसले. एक नंबरची फाईल सर्व्हरवर टाकली आणि तीच आठही मशिनींना लावून दिली. मीटरकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही शहाण्यानं!

शुक्रवारी दुपारी तीन नंबरवरचा बिहारी ऑपरेटर खुशीत म्हणाला, "भैया, आज एक भी रिजेक्ट नहीं!"

रोज शंभरात पाच-सहा तरी गळके निघायचे. धम्मदीपनं तीन नंबरचा कॉम्प्युटर बघितला. लोकल फोल्डर रिकामा.

"आयला त्याच्या!" म्हणत तो गेटकडं पळाला. सकाळपासून पास झालेला माल ट्रकात चढत होता. माल सोडायच्या रिपोर्टवर कॉम्प्युटरवाल्याची सही लागायची, तो घेऊन मॅनेजर शंकरराव त्याच्याचसाठी थांबले होते.

"साहेब, ट्रक थांबवा. गळके हायेत त्यात."

"कॉम्प्युटर पास म्हणतोय."

"त्याला काय कळतंय? त्याला सांगणारी फाईलच तुमच्या त्या दीडशहाण्यानं पुसली!"

"आवाज खाली. सही कर, उद्या बघू."

"उद्या? कुणाचा ब्रेक लागला न्हाई, की मग बघायचं व्हय?"

शंकररावांनी पुढं केलेला रिपोर्ट तिथंच टाकून त्यानं कँटीनमधनं पाण्यानं भरलेलं घमेलं आणलं. ट्रकातलं तीन नंबरचं खोकं उतरवलं आणि एकेका सिलिंडरला हवेची नळी लावून पाण्यात बुडवायला लागला. पहिल्याला काही नाही. दुसऱ्यालाही नाही. शंकरराव हसले. पाचव्याला बुडबुडे आले.

"हसा की आता!" धम्मदीप ओरडला. ड्रायव्हर, हमाल, वॉचमन सगळे गोळा झालेले. शंकररावांनी ट्रक रिकामा करायला लावला.

आणि शनिवारी धम्मदीपचा गेटपास बंद. कारण काय, तर उद्धट वर्तन.

तीन आठवड्यांनी तो बापाच्या दुकानात बसला असताना फोन आला. कन्सल्टंटच होता.

"अहो, त्या तीन नंबरचं वजा किती करायचं होतं? तूर्तास अंदाजानं दोन ठेवलंय."

"अंदाजानं?"

धम्मदीपनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पंक्चर काढायला आलेली म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहिली. फोन आपटायला हात वर गेला, आणि तसाच थांबला. तिकडं तीन आठवडे दोनच वजा करून गळके ब्रेक पास होत होते.

"चार!" तो फोनमध्ये ओरडला. "चार वजा! लिही. आन् त्याच मशिनीत ठिव. गेलेला माल आधी माघारी मागव, मग माझ्यावर राग धर."

"हो हो, लिहितो."

"वाचून दाखव," धम्मदीप म्हणाला.