झोपलेल्या राजाने ऐकलेलं स्वगत

माझा खून दर वर्षी चैत्रात होतो. देवळासमोरच्या मांडवात, सगळ्या इब्रामपूरच्या साक्षीने होतो, आणि तो थाटात व्हावा म्हणून मी महिनाभर आधीपासून मिशी वाढवतो.

जत्रेच्या नाटकातला राजा मी. मला मारणारा सेनापती म्हणजे माझा चुलतभाऊ. या भूमिका आम्ही मागून घेतलेल्या नाहीत. आमच्याकडे नाटकातली पात्रं घरांना वाटून दिलेली आहेत. आमच्या घराकडे राजा, काकांच्या घराकडे सेनापती. अभिनय येवो न येवो, मान सोडायचा नाही. एकदा सोडला की तो दुसऱ्या घराकडे जातो आणि परत येत नाही.

राजाचं काम तसं सुखाचं. पहिल्या अंकात गर्जना, दुसऱ्यात संशय, तिसऱ्यात पलंगावर झोप. मी झोपलो की सेनापती नंगी तलवार घेऊन येतो आणि स्वगत सुरू करतो. रंगमंचाचा कायदा असा की स्वगत शेवटच्या रांगेला ऐकू जातं आणि शेजारी झोपलेल्याला जात नाही. प्रत्यक्षात ते सगळ्यात जवळून मीच ऐकतो. डोळे मिटलेले असल्यामुळे त्याचे हातवारे, रंगवलेल्या भुवया, काही दिसत नाही. फक्त आवाज. आणि माणूस आवाजात लपू शकत नाही, हे मी त्या पलंगावर शिकलो. राजाबद्दलचा द्वेष बोलताना माझा भाऊ छाती फुगवून बोलतो, कारण तो द्वेष पाठ केलेला आहे. पण भर दरबारात झालेल्या अपमानाची आठवण निघाली की त्याचा आवाज खाली येतो. तो अपमान त्याला पाठ करावा लागलेला नाही. दरबारात हाच सेनापती लवून मुजरे करतो, त्यावरून त्याच्याबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. मुलीसाठी स्थळ बघणारे आमच्या नाटकाला येऊन बसतात ते उगाच नाही.

गावाचा आणखी एक नियम आहे. मंचावर बोललेलं खाली न्यायचं नाही. कोणी स्वगतात सासऱ्याला टोमणा घालतो, कोणी पंचायतीला, पण मंचावरून उतरल्यावर त्याचा जाब विचारायचा नाही. गावाबाहेर सांगू नये असं मात्र कोणी म्हटलेलं नाही, म्हणून मी हे मजेत लिहितो आहे.

एका वर्षी काजू पडायच्या दिवसांत आम्हा भावांचं बांधावरून वाजलं. बांधावरचं काजूचं झाड कोणाचं, हा वाद आमच्या वडिलांपासूनचा. मी बोंडं गोळा करत होतो. तो पाळी गावच्या खाणीवरून, खनिजाच्या ट्रकची फेरी संपवून आलेला, धुळीने लाल, हातात कोयता. त्याने मला चोर म्हटलं. मी त्याच्या बापाला चोर म्हटलं आणि पुढचं बोंड उचलायला वाकलो. तेवढ्यात डाव्या खांद्यावर काहीतरी कोसळलं. हाड तडकल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. तोंडावर पडलो तो फुटलेल्या बोंडांच्या रसात. शर्टावर रस किती आणि रक्त किती ते दवाखान्यात पोचेपर्यंत कळत नव्हतं. हाड तडकलं होतं, वर टाके पडले.

मी पोलिसांत तक्रार दिली. तो सगळ्यांना सांगू लागला की भीती घालायला कोयत्याच्या पाठीने मारला, धारेने मारला असता तर हात राहिला असता का. देवळाच्या समितीतल्या वडीलधाऱ्यांना ते पटलं. तक्रार मागे घे, म्हणाले, नाहीतर त्याची ट्रकवरची नोकरी जाईल. मला नोकरीचं पडलं नव्हतं. माझ्या विहिरीची वाट त्याच्या अंगणातून जाते. त्या अंगणात बसलेला माणूस मला नुसतं घाबरवू पाहत होता की ठार मारू पाहत होता, एवढंच मला कळायला हवं होतं. ते कळेपर्यंत मी तिथे पाठ फिरवून चालू शकत नव्हतो.

आणि जत्रा आली. दोघांपैकी एकाने यंदा मान सोडावा, असं समितीने सुचवलं. मी म्हटलं त्याने सोडावा, तो म्हणाला मी सोडावा. अशा रीतीने खांदा फोडणाऱ्या माणसाच्या हातात तलवार देऊन त्याच्यासमोर मला झोपवण्याचं गावाने एकमताने ठरवलं. तालमींत आम्ही नाटकातल्या वाक्यांपलीकडे एक अक्षर बोललो नाही. तालमीला काठी असते. तलवार काकांच्या देव्हाऱ्यातली, खरी, लोखंडी, ती फक्त नाटकाच्या दिवशी बाहेर निघते.

वार करायची रीत ठरलेली आहे. राजाने डावा हात अंगापासून लांब पसरून झोपायचं, आणि सेनापतीने दोन्ही हातांनी तलवार उचलून ती काखेखालच्या मोकळ्या जागेत गादीत खुपसायची. पण माझा डावा हात पुरता उघडतच नव्हता. ती जागा तळहाताएवढी उरली होती, आणि ती कोणामुळे कमी झाली हे त्याला माहीत होतं.

दहाला भोंगे बंद करावे लागतात म्हणून नाटक हल्ली दिवेलागणीलाच सुरू होतं. तिसरा अंक आला. मी झोपलो. स्वगत सुरू झालं, आवाज फुगलेला, सगळं नेहमीसारखं. मग तो माईकपासून मागे, पलंगाच्या उशाशी आला आणि गप्प झाला. वाक्य विसरला असं समजून प्रॉम्प्टर विंगेतून तेच तेच वाक्य फेकू लागला. पुढच्या रांगेतून कोणीतरी "आवाज, आवाज" म्हणालं. त्याने प्रॉम्प्टरचं वाक्य उचललं नाही. नाटकाची छापील मराठी सोडून तो घरच्या बोलीत आला, आणि इतकं हळू बोलला की ते माझ्याशिवाय कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"पाठीन नाय मारलंय. धारेनच मारलंय. कोयतो हातात फिरलो. फिरलो तेवां माका बरा वाटला काय वायट, ता माका अजून सांगाक येना नाय."

मी डोळे उघडले नाहीत. धाडस म्हणून नव्हे, मला हलताच येत नव्हतं. घाम मिशीत उतरत होता. त्याच्या पायाखालची फळी करकरली, तलवार वर गेल्याचं मला पापण्यांवरच्या सावलीवरून कळलं. त्या क्षणी मी एकच गोष्ट केली. दुखरा हात होता होईल तेवढा बाजूला ओढला आणि त्याला जागा करून दिली. टाक्यांच्या जागी आग उठली.

तलवार खाली आली. अंगरखा फाटला, गादी फाटली, फळीत पातं रुतलं आणि थरथरत राहिलं. बरगडीला लोखंड गार लागत होतं.

एरवी मी सावकाश मरतो. उठतो, पडतो, राणीला हाक मारतो, शिट्ट्या घेतो. त्या दिवशी मी जागच्या जागी, एक शब्द न बोलता मेलो. पुढच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, "राजा खराच मेलो काय रे?"

आत रंग उतरवताना भाऊ खोबरेल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. तोंड चोळू लागला.

"लागला काय रे?"

"अंगरख्याक लागला," मी म्हटलं.

दोन दिवसांनी मी चौकीत जाऊन तक्रार चालवायची नाही असं सांगून आलो. पाठीने मारला हे मानून ती मागे घेणं मला जमत नव्हतं. धारेने मारला हे त्याने स्वतः सांगितल्यावर जमलं. पण हे गावात कोणाला सांगणार? नियम आहे. त्यामुळे राजा तलवारीखाली घाबरला, अशी बातमी झाली. बायको उंडो पाव चहात बुडवत म्हणाली, "तुमी भियालात, दुसरा काय नाय." मी हो म्हटलं. तेही खरंच होतं.

विहिरीवर आता मी त्याच्या अंगणातून जातो. झाडाचं भांडण मिटलेलं नाही. परवाच त्याने पडवीतून मला चोर म्हटलं, आणि मी घागर खांद्यावर ठेवून, त्याच्याकडे चांगली पाठ फिरवून, चालता चालता त्याच्या बापाचा उद्धार केला.