सहावा रकाना

चिचगडच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात सातवीपर्यंतची शाळा आहे. तिथं शामकला चौदा वर्षं खिचडी शिजवते. स्वतः चौथी शिकलेली. पोरांची ताटं वाढता वाढता तिनं एकच गोष्ट मनाशी धरली होती, आपल्या लेकीनं, दुर्पतानं, दहावी व्हायचं.

आठवीपासूनची शाळा बारा किलोमीटरवर. ती भरे साडेदहाला, आणि गावातून एसटी सुटे तीही साडेदहालाच. पहिला तास गणिताचा. उशिरा येणाऱ्यानं तो व्हरांड्यात उभं राहून काढायचा, हा नियम. यात पोरीचा काय दोष, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. गाडी तासभर आधी सोडा, हे सांगायला शामकला तीनदा एसटीच्या डेपोत गेली. साहेबांनी अर्ज मागितला. अर्ज दिला, तर सरपंचाचं पत्र हवं. पत्र नेलं, तर साहेबच बदलून गेलेले. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथं दोन वर्षं गेली. नववीत दुर्पता गणितात नापास झाली. व्हरांड्यातच उभं राहायचं तर घरचा काय वाईट, म्हणून घरी बसली.

जुलैत टिकाराम गुरुजी शाळा सोडलेल्या मुलांची पाहणी करत दारी आले. गावच्या शाळेतले हे गुरुजी भला माणूस, पण कागदाला भिणारा. फॉर्मवर कारणांचे पाच रकाने छापलेले होते: लग्न, मजुरी, आजारपण, स्थलांतर, शिक्षणाची आवड नाही. गुरुजींनी शेवटच्यावर खूण केली.

शामकलाचं डोकंच फिरलं. तिनं पेन ओढून घेतला, खूण खोडली आणि बाजूला लिहिलं, 'शाळा साडेदहाले भरते. गाडी साडेदहालेच येते.'

गुरुजींनी कपाळाला हात लावला. खाडाखोड वर चालत नाही म्हणाले, पिशवीतून कोरा फॉर्म काढला आणि पुन्हा तीच खूण केली.

"तिले आवड नाही, असं कोनं सांगलं तुमाले?" शामकला म्हणाली. "मी सही नाही करत."

"बाई, रकाने पाचच आहेत. सहावा मी कुठून आणू?"

दारात उभी दुर्पता सगळं ऐकत होती. ती पुढं आली. "दे माय, मी करतो सही. गुरुजीले आनखी घरं फिराचे आहेत."

तिनं खाली बसून सावकाश सही केली. गुरुजी त्या वळणदार अक्षराकडे बघत राहिले. सातवीत त्यांनीच ते घोटून घेतलं होतं.