अप्पांनी ठरवलेला निळा उजेड

या सदरातले अनुभव मी वाचते ते बहुतेक वेळा हसायला. राग मानू नका... स्वभावच आहे माझा. वाळूजच्या एका कारखान्यात मी मापन विभागात आहे. म्हणजे मोजायची जी साधनं असतात, तीच नीट मोजतात की नाही हे तपासायचं काम. दिवसभर हेच केल्यावर कुणी 'मला जाणवलं', 'मला भास झाला' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो — कशानं मोजलं? आमच्याकडे अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही, आणि लिंबू फक्त सरबताला लागतं. अशी मी आज स्वतःच लिहायला बसलेय. प्रसाद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "रोज मलाच ऐकवतेस, एकदा लोकांना ऐकव."

आम्ही संभाजीनगरला, सातारा परिसरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. हॉलमध्ये जिथं लोक टीव्ही ठेवतात तिथं आमचा समुद्र आहे. दोन फुटी काचेची टाकी, खारं पाणी, दोन क्लाउनफिश आणि खडकांवर चिकटवलेली कोरल. प्रसादचा हा नाद. ज्या शहरात नळाला पाणी येणार म्हटलं की माणसं रजा टाकतात, तिथं आम्ही समुद्र पाळलाय! शेजारच्या काकू अजून विचारतात, "शेवटी खाणार आहात का हो ते मासे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — कोरल हा प्राणी आहे, दिसतो फुलासारखा. तो बराचसा उजेडावरच जगतो. उजेड मानवला तर उघडतो, नाही मानवला तर मिटतो. आणि मिटलेलाच राहिला तर एक दिवस संपतो. म्हणून या छंदात मासे सोपे, पाणी त्याहून अवघड आणि लाईट निवडणं सगळ्यात अवघड.

आता अप्पा. माझे वडील. सोयगावकडचं धनगराचं घर, लहानपण मेंढरांमागं गेलं. तरुणपणी वाळूजला आले आणि गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये, रंगाच्या शेड जुळवण्याच्या कामाला लागले. दरवाजाचा लाल आणि बॉनेटचा लाल यात केसभर फरक असला तरी अप्पा गाडी पुढं जाऊ द्यायचे नाहीत. कुठलाही रंग ते उन्हात, ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली बघायचे, मगच हो म्हणायचे. डोळे म्हणजे त्यांची सगळी कमाई.

त्याच डोळ्यांत काचबिंदू झाला, आणि कळायला उशीर झाला. दोन्हीकडची नस सुकली. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी अगदी बुबुळाजवळ टॉर्च धरून विचारलं, "काही कळतंय?" अप्पा म्हणाले, "काय कळायचंय?" मी तिथंच उभी होते.

आई आधीच गेलेली, मला भाऊ नाही, म्हणून मी त्यांना आमच्याकडे आणलं. आणि तिथून खरी ओढाताण सुरू झाली. अप्पांच्या पिढीत लेकीच्या घरी दोन दिवसांच्या वर राहणं म्हणजे लाज. जेवताना अवघडून बसायचे, दुसरी भाकरी नको म्हणायचे. "लेकीच्या दारात किती दिवस पडून राहू? दत्तूला बोलव, मला गावाकडं नेऊन सोड," हे एकच पालुपद. दत्तू म्हणजे माझा चुलतभाऊ. पोरगा चांगला आहे, काकाला सांभाळायला एका पायावर तयार. पण तो आणि त्याची बायको दिवसभर शेतात. आंधळा माणूस ओसरीवर खाटेवर एकटा बसून काय करणार? अप्पा तिथं फार दिवस काढणार नाहीत हे मला कळत होतं, आणि मला वाटतं त्यांनाही. मी समजावलं, भांडले, रडले. काही उपयोग नाही. दिवाळी झाली की दत्तू येऊन घेऊन जाणार, असं ठरूनच गेलं.

त्याच दिवसांत प्रसादची कोरल तपकिरी पडायला लागली. जुना पांढरा एलईडी त्यांना पुरत नव्हता. मग रोज संध्याकाळी जेवणाच्या ताटावर एकच चर्चा — कुठला लाईट घ्यायचा? खोल पाण्यात बाकीचे रंग गाळले जातात आणि निळा तेवढा पोचतो, म्हणून कोरलना निळा जास्त लागतो. तो किती, पांढरा किती, यावर प्रसाद तासन्‌तास वाचत बसायचा. शेवटी मोबाईलवरून निळा आणि पांढरा वेगवेगळा कमीजास्त करता येतो असा एक लाईट घेतला. आता नेमका ठेवायचा किती? प्रसाद म्हणाला, त्यासाठी वेगळा मीटर मिळतो, आपल्याकडे नाही.

मी हसले. मापन विभागातली बायको घरात असताना मीटरची चिंता? रीतसर गेटपास करून मी लॅबमधला, उजेड मोजायचा लक्स मीटर घरी आणला. निळ्या उजेडाखाली धरला तर आकडा जेमतेम हलला.

"बघ, अंधार आहे नुसता," मी म्हणाले. आणि निळा वाढवला.

कोरल मिटली. झोआ नावाची गोल बटणांसारखी कोरल मुठी आवळून बसली. प्रसादनं एवढ्याशा तुकड्यापासून वाढवलेलं, छत्रीच्या आकाराचं गुलाबीसर कोरल होतं, ते सुकल्या वांग्यासारखं आक्रसलं. मी परत मोजलं. मीटर म्हणाला, कमी आहे. मी अजून वाढवला. प्रसाद म्हणाला, "तू मारणार आहेस त्यांना." मी म्हणाले, "आकडा खोटं बोलत नाही." दोन दिवस आमचा अबोला.

मग तो रविवार. दुपारची वेळ. प्रसाद आत चहा करत होता, मी हॉलमध्ये मेथी निवडत होते, अप्पा समोर दिवाणावर नेहमीसारखे गप्प. आणि अचानक त्यांनी कपाळावर हात आडवा धरला. उन्हातून चालताना आपण धरतो ना... तसा.

"कमी कर गं ते. लई मारतंय."

"काय मारतंय अप्पा? ऊन येतंय का? पडदा ओढू?"

"ऊन नाय. निळं."

मी मेथी बाजूला ठेवली. मनात म्हटलं, आठवडाभर निळा-निळा ऐकतायत, तेच बोलतायत. कितीतरी दिवसांनी 'दत्तू कधी येणार' सोडून काहीतरी बोलले होते, म्हणून मन राखायला मोबाईल घेतला आणि न बोलता निळा उतरवत गेले.

"अजून... अजून कर... थांब. जरा वर घे. हां, बस्स," अप्पा म्हणाले. "आता पांढरं घाल थोडं. मिठाएवढंच." मी घातलं. "आन त्यो छत्रीवानी हाय ना, उजव्या अंगाला, त्याला खडकाच्या आडोशाला घ्या. जीव मुठीत धरून बसलाय त्यो. बाकीचे हुतील निवांत."

प्रसाद चहा घेऊन दारात उभा होता.

"तू सांगितलंस त्यांना छत्रीचं?" मी विचारलं.

"मी? आणि कालच सरकवलंय मी ते उजवीकडे. तुलाही माहीत नव्हतं."

नव्हतंच. कोरल आमच्या घरी आली तीच मुळी अप्पांची नजर पूर्ण गेल्यावर. त्यांनी ती कधीच पाहिलेली नव्हती.

लाईट अप्पांनी सांगितला तसाच राहू दिला. आधी झोआ उघडली, मग बाकीची, आणि आठवडा उलटायच्या आत छत्रीनंही अंग सैल केलं. मध्ये प्रसादनं शोधून काढलं की लक्स मीटर बनवलेला असतो माणसाच्या डोळ्याच्या हिशोबानं. गडद निळा आपल्या डोळ्याला फारसा कळत नाही, म्हणून मीटर तो जवळजवळ धरतच नाही. मी अंधार समजत होते आणि कोरल भाजून निघत होती! आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलासुद्धा माझी ही फजिती सांगून झालीय प्रसादची. असो, त्याला हसू द्या.

पण यानं कोरलचा उलगडा झाला. अप्पांचा नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं लागले मागं. लाईटच्या पंख्याचा आवाज ऐकू येत असेल, म्हणून अप्पांच्या कानात कापूस घातला. उष्णता जाणवत असेल, म्हणून टाकीकडं पाठ करून बसवलं. मध्ये फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उभा केला. प्रसादला आतल्या खोलीत पाठवलं आणि सांगितलं, तुला वाटेल तसं बदल, मलाही सांगू नकोस. म्हणजे माझ्या श्वासावरून ओळखलं असंही नको. अप्पा सांगायचे, "वाढवलं... आता पांढरं काढलं..." मी उठून बघायचे. बरोबर. एकदा प्रसादनं मुद्दाम काहीच केलं नाही. अप्पा थोडा वेळ थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "जावईबापू, कामून नुसतं बोट धरून बसलात?"

आतून प्रसादचं हसू फुटलं.

आणि गंमत म्हणजे त्यांच्या तोंडापाशी बल्ब धरला, डोळ्यात टॉर्च मारला, तर काही नाही. ढिम्म. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही अंध लोकांच्या शरीराला निळा उजेड अंधुक उमगतो, पण त्यासाठी नस जिवंत लागते. "आणि पुठ्ठ्यातून तर कुणालाच नाही," असं म्हणून त्यांनी पुन्हा तपासलं. मग डोळ्यांच्या कोरडेपणासाठी थेंब लिहून दिले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

मी खरी घाबरले ती एकदाच. संध्याकाळी अप्पांना खाली फिरवत होते. दिवे लागले होते, पोरं क्रिकेट खेळत होती. अप्पा चालता चालता थांबले आणि माझा दंड घट्ट धरला.

"वर अंधार झाला. चल."

"लाईट गेली नाहीये अप्पा. सगळीकडे उजेड आहे."

"चल म्हणतो ना!"

वर आलो. प्रसाद अजून कामावरून यायचा होता. दार उघडलं तर घरात ट्यूब चालू, पंखा चालू, फ्रिज चालू... आणि टाकी काळी. लाईटचा अ‍ॅडाप्टर जळाला होता. खाली आम्ही, वर टाकी, मध्ये तीन मजल्यांचे स्लॅब. अप्पा मात्र चप्पल काढून शांतपणे दिवाणावर बसले. "भिऊ नको. एक दिस अंधारात काडला म्हून काय व्हत नाय त्यायला. उद्या नवा आणा. आन भूक लागलीय मला."

त्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. स्वतःच्या तोंडानं. टाकीतल्या अंधारापेक्षा मला ते जास्त आठवतंय.

दिवाळी झाली आणि दत्तू आला. अप्पांची बॅग मी भरलीच नव्हती. भरायला हात धजेना. दत्तू दिवाणावर टेकला आणि म्हणाला, "मग काका, आवरलं का? उजेडी निघू."

"च्या पी आधी," अप्पा म्हणाले. "म्या नाय येत रे."

"नाय येत? कामून? तुमीच तर मागं लागले व्हते. लेकीच्या घरी पडून राहनं बरं नाय म्हनत व्हते."

"पडून नाय रे," अप्पा एकदम ताठ बसले. "कामाला हाय हितं. ह्यो उजेड म्या बघतो."

दत्तू त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिला. मग त्यानं खाली मान घातली आणि म्हणाला, "व्हय काका. मग रहा." मी कपबशा घ्यायच्या निमित्तानं आत पळाले आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडले. आनंदानंच.

आता टाकी भरगच्च आहे. लाईटचं वेळापत्रक मोबाईलमध्ये नाही, अप्पांकडे आहे. ते सांगतात तसं आम्ही करतो, आणि प्रसादच्या कोरलवाल्या ग्रुपवरचे लोक विचारतात, सेटिंग काय ठेवलंय? काय सांगायचं त्यांना?

हे काय आहे, मला माहीत नाही. मोजून झालं, विचारून झालं, वाचून झालं. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा, पण पुठ्ठा आणि तीन मजले धरून सांगा. मी अप्पांनाच विचारलं एकदा, "नेमकं दिसतं काय तुम्हाला?" म्हणाले, "दिसत काय बी नाय गं. ते उघडले की आत उजाडल्यावानी व्हतं, तेवढंच."

खोटं कशाला बोलू, मला थोडं टोचलं. समुद्रातून आलेला जीव कळतो, आणि पोटची पोर? मग एका दुपारी मी चप्पल न वाजवता आले आणि अप्पांच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिले. श्वाससुद्धा जपून. बराच वेळ. त्यांचा चेहरा टाकीकडेच होता. त्यांना मी कळले नाही. मग कशासाठी तरी त्यांनी हात पुढं केला आणि हवेतच चाचपला.

"हायेस का गं?"

"आहे अप्पा. इथंच आहे."

त्यांचं सगळं तोंड हसलं. "मग बोलत जा की, माय. तू बोललीस की दिसतीस मला."

आता मी दारातूनच हाक मारत घरात येते.