पाच धावांनंतर

"लागलं का हो, मालक?"

फलंदाजाच्या अंगावर चेंडू बसला की आमचा पिचर हातमोजा जमिनीवर टाकून, टोपी काढून थेट त्याच्याजवळ चालत यायचा आणि हे विचारायचा. बेसबॉलमध्ये असं कुणी करत नाही. चेंडू अंगाला लागला तर फलंदाजाला पहिला बेस मिळतो आणि चेंडू टाकणारा पिचर मान खाली घालून पुढच्या चेंडूची तयारी करतो. एवढंच. हा मात्र त्या माणसाचा दंड चोळून द्यायला बघायचा. पंच ओरडायचे, "जागेवर जा!" हा म्हणायचा, "जातो की. इचारू तर द्या."

मी त्या संघाचा कॅचर होतो. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून पिचरचे चेंडू झेलायचं काम माझं, त्यामुळे त्याचा चेहरा समोरून सगळ्यात जास्त वेळ मीच पाहिला आहे. एरवी मी शाळेत खेळ शिकवतो. म्हणून तो मला मास्तर म्हणे. तो बाकी साऱ्या जगाला मालक म्हणत असल्यामुळे आम्ही त्यालाच मालक म्हणायला लागलो.

बेसबॉलची व्यावसायिक लीग आपल्याकडे सुरू झाली तेव्हा सोलापूरच्या संघात आमच्यासारखे बरेच जण आले. शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेले, मग संसाराला लागलेले. हा उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातला. तिथे त्याचं शेतीच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. वय पस्तिशीच्या पुढे, अंगाने किडकिडीत, हात मात्र गुडघ्यापर्यंत पोचतील असे लांब. निवड चाचणीच्या दिवशी तो मोटरसायकलवरून आला, मागे केळ्यांचा घड बांधलेला. प्रशिक्षकांनी विचारलं, "हे कशाला?" म्हणाला, "निवड नाय झाली तरी माणसं उपाशी कशाला ऱ्हायची?"

मग त्याने दहा चेंडू टाकले. दहावा झेलल्यावर मी हातमोजा काढून तळवा बघितला. लाल झाला होता.

त्याच्या बायकोने पहिला सामना पाहिला तेव्हाची गंमत सांगतो. सामना संपल्यावर ती सगळ्या संघासमोर म्हणाली, "तुमी नऊ जण हाय, मग सगळे बॉल ह्यांनीच का टाकायचे?" तोच हसत म्हणाला, "बाकीच्यांना पळायला लागतंय की. मी आपला उभाच असतोय." नंतर मात्र तिने खेळ असा समजून घेतला की पंचांचा निर्णय चुकला की पहिला आवाज तिचाच यायचा.

पहिल्या मोसमात त्याने आम्हाला उपान्त्य फेरीपर्यंत नेलं. दुसऱ्या मोसमात काहीतरी बिनसलं.

सुरुवातीला वाटलं, होतं एखाद्या दिवशी. मग ओळीने चार सामने तो हरला. पिचरने चेंडू फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीत टाकायचा असतो. चार चेंडू बाहेर गेले की फलंदाज काहीही न करता चालत पहिल्या बेसवर जातो. मालकच्या हातून असे फलंदाज रांगेने चालत जाऊ लागले. जे चौकटीत पडायचे ते चेंडू लोक मजेत टोलवायचे. आणि आम्ही काय करत होतो? "मस्त, मालक! झकास!" असं ओरडत होतो. मीही ओरडत होतो. त्याला धीर देतोय असं मला वाटायचं.

चौथा सामना हरून बसने परत येताना प्रशिक्षक माझ्या शेजारी येऊन बसले. पुण्याकडचे, कडक, पण अन्याय करणारे नव्हेत. हळू आवाजात म्हणाले, "रविवारी तिसऱ्या इनिंगपर्यंत बघतो. नाही जमलं तर त्याला संघातून मोकळा करतो. तू त्याला काही बोलू नकोस, बिथरेल." मी मान हलवली. दोन दिवस मला ते गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

रविवार उजाडला. आपल्याच मैदानावर सामना. सकाळी दहालाच ऊन असं तापलेलं की बाकड्याला हात लावता येत नव्हता. त्याच्या गावची दहा-बारा माणसं टेम्पो करून आली होती, त्यांच्या मधोमध बायको डोक्यावर पदर घेऊन बसलेली. सामन्याआधी त्याने नेहमीप्रमाणे फडकं सोडलं, कडक भाकरी मोडली आणि अर्धी शेंगांच्या चटणीसकट माझ्या हातावर ठेवली. मी खाली बघत खाल्ली.

पहिला फलंदाज चालत बेसवर गेला. दुसऱ्याच्या खांद्यावर चेंडू बसला आणि आमचा माणूस टोपी काढून निघाला त्याच्याकडे. "लागलं का हो, मालक?" लोक हसले. प्रशिक्षकांनी कपाळावर हात मारला. तिसराही चालत गेला. तीनही बेस भरले. चौथा फलंदाज म्हणजे एक धिप्पाड गडी, त्याने पहिलाच चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून कुंपणापर्यंत मारला. तिघंही बेस पार करत होम प्लेटवर, म्हणजे फलंदाजाच्या जागी परतले, तीन धावा. पुढच्या दोघांनी आणखी दोन धावा काढल्या. पाच धावा, आणि इनिंग संपवायला लागणाऱ्या तीन बळींपैकी आम्हाला अजून एकही मिळालेला नाही.

प्रशिक्षक सावलीतून उठलेले मला दिसले. ते येण्याआधी मी पंचांकडे वेळ मागितला आणि त्याच्याकडे पळालो.

तो चेंडू दोन्ही हातांत धरून उभा होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मास्तर, एक खरं सांगा. बॉल येतोय का?"

गेला दीड महिना हा प्रश्न त्याने कुणाला विचारला नव्हता, आणि आम्हीही तशी वेळ येऊ दिली नव्हती. मी म्हणालो, "नाही येत, मालक. पूर्वी माझ्या हातमोज्यात आवाज व्हायचा. आता होत नाही."

त्याने मान हलवली. राग नाही, काही नाही. "खांदा," तो म्हणाला. "दोन म्हैनं झालं. हात वर नेला की कळ येतीया."

"आणि अजून एक," मी म्हणालो. आता सुरू झालंच होतं तर सगळंच सांगून टाकावं असं वाटलं. "आज नाही जमलं तर सर तुम्हाला काढणार आहेत. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

"ठाव हाय मला. बसमधी मी मागच्याच शिटावर व्हतो की."

"मग सकाळी काही म्हणाला का नाहीत?"

"म्हणलो असतो तर भाकरी गेली असती का तुमच्या घशाखाली?"

एवढ्यात प्रशिक्षक येऊन पोचले आणि त्यांनी तळहात पुढे केला. "बॉल दे."

त्याने चेंडू दिला नाही. "साहेब, ही इनिंग मी सांडलीया. आवरू बी मलाच द्या. त्याच्या पुढं तुमी म्हणाल तसं."

प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. बसमध्ये मी नुसती मान हलवली होती. या वेळी बोललो. "राहू द्या, सर. मी झेलतोय, मी बघतो."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि "तीन बळी," एवढंच म्हणून परत गेले.

"हात वरनं न्यायचाच न्हाय," तो मला म्हणाला. "कडंनं टाकतो. सावकाश येईल. तुमी हातमोजा गुडघ्याजवळ धरा, आणि काय बी झालं तरी वर आणू नका."

त्याच्या आयुष्यात त्याने सामन्यात तसा चेंडू टाकलेला नव्हता. आता टाकला. कमरेच्या उंचीवरून हात फिरला आणि चेंडू रमतगमत निघाला. फलंदाज वेगाची वाट बघत होता. त्याची बॅट केव्हाच फिरून गेली आणि चेंडू नंतर माझ्या हातात आला. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही हसू आलं असतं, मी तर मास्कच्या आत हसलो. दुसऱ्या चेंडूवर त्याच फलंदाजाने कशीबशी बॅट लावली, चेंडू जमिनीवरून घरंगळत आमच्या क्षेत्ररक्षकाकडे गेला आणि त्याने तो फलंदाज पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकला. एक बळी. मग तसाच दुसरा. मग तिसरा.

पुढच्या इनिंगला प्रशिक्षक जागचे उठले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत.

तिसऱ्या इनिंगमध्ये तो धिप्पाड गडी पुन्हा आला. दोन हळू चेंडूंवर हुकल्यावर तो वैतागून ओरडला, "अरे, जोरात टाक ना!" समोरून शांत उत्तर आलं, "जोर घरी ऱ्हायला, मालक. हाय ते घ्या गोड मानून." तिसऱ्या चेंडूला गडी एवढ्या ताकदीने हुकला की गुडघ्यावर बसला. तीनदा हुकला की फलंदाज बाद. टेम्पोतल्या माणसांनी शिट्ट्या मारल्या, आणि त्याच्या बायकोने पदर कमरेला खोचून पंचांनाच सांगितलं, "आउट हाय त्यो, बोट वर करा की!"

पहिल्या पाचनंतर, सातव्या इनिंगला थांबेपर्यंत, त्याने आणखी एकही धाव दिली नाही. प्रत्येक इनिंगनंतर तो सावलीत येऊन बसायचा, मी त्याच्या खांद्यावर बर्फाची पिशवी धरायचो. शर्ट घामाने चिकटलेला, ओठ पांढरे, डोळे मात्र लख्ख. पाचव्यानंतर मी म्हणालो, "बास करायचं का?" म्हणाला, "मास्तर, आज लई दिवसांनी मजा येतीया."

सामना आम्ही हरलो. पाच विरुद्ध चार. बरोबरीची धाव घ्यायला धावलेला आमचा विणकर वस्तीतला पोरगेलासा खेळाडू होम प्लेटपासून हातभर अंतरावर बाद झाला आणि तिथेच मातीत पडून घरच्या तेलुगूत स्वतःला शिव्या देऊ लागला. त्याला उठवायला सगळ्यांत आधी गेला तो मालकच. "उठा. पाच माझ्या हाईत, तुमची एकच हाय."

प्रशिक्षकांनी त्याचं सामान आवरून होण्याची वाट पाहिली. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी तूच सुरुवात करायची." मला वाटलं, हा खूश होईल. त्याने खांदा एकदा फिरवून पाहिला, आणि म्हणाला, "शुक्रवारपतूर सांगतो. खोटं सांगून उभा ऱ्हाणार न्हाय आता."

शुक्रवारी त्याने हो सांगितलं. त्या मोसमात तो आणखी तीन सामने खेळला, तसाच कडेने, सावकाश टाकत, आणि त्यातले दोन जिंकले. पुढच्या मोसमाआधी त्याचा फोन आला. "मास्तर, यंदा न्हाय. डाक्टरनी न्हाय म्हणलं, आन खरं सांगायचं तर खांद्यानं बी तेच म्हणलं." आवाजात रडगाणं नव्हतं. नव्या पिचरबद्दल तोच मला विचारत राहिला. चेंडू किती वेगाने येतो, चौकट सापडते का. शेवटी म्हणाला, "त्याला उगं मस्त मस्त म्हणू नका हां."

नवा पिचर चांगला आहे, वेगवान आहे. त्याला मी काय चुकतंय ते तोंडावर सांगतो. तो रागावतो, मग ऐकतो.

गेल्या उन्हाळ्यात मी मालकला भेटायला त्याच्या गावी गेलो. धरणाचं पाणी फार आत सरकलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून लांब पाइप टाकलेला, आणि त्याच्या टोकाशी तो एका शेतकऱ्याबरोबर गुडघाभर चिखलात उभा. मी काठावरून हाक मारली. त्याने डावा हात उंच केला. उजवा आता खांद्याच्या वर जात नाही. शेतकऱ्याने मोटार चालू केली आणि पाइपच्या केळीच्या बागेतल्या तोंडाकडे डोळे लावून उभा राहिला. तिथे काहीच येत नव्हतं. मालकने उजवा तळवा पाइपवर ठेवला, आतून पाण्याची थरथर हाताला लागेपर्यंत मान तिरकी करून थांबला, आणि बागेत पाणी पडायच्या आधीच वळून, हसत माझ्याकडे चालू लागला.